फॅलेनॉप्सिस ऑर्किड घरात पुन्हा फुलवायचं, तर काय आणि कधी करायचं

भेट म्हणून आलेलं ऑर्किड दोन-तीन महिने डौलात फुलतं, मग फुलं गळतात आणि पुढची दोन वर्षं नुसती पानं दिसत राहतात. डिसेंबर उजाडला की घाई सुरू होते. कोणी फुलांसाठीचं खत आणतं, कोणी केळ्याच्या सालीचं पाणी घालतं, कोणी कुंडी या खिडकीतून त्या खिडकीत नेऊन बघतं. यातलं जवळजवळ काहीच लागू पडत नाही. हिवाळ्यात निघणारा दांडा पावसाळाभर झाडानं केलेल्या साठ्यावर निघतो, आणि त्याला बाहेर काढतो तो दिवसाचा गारवा. खताचा त्यात वाटा अगदी थोडा.

खालचा क्रम फक्त फॅलेनॉप्सिससाठी आहे. रुंद, जाडसर, जमिनीलगत दोन बाजूंना पसरलेली पानं, मधे खोड असं काही दिसत नाही, आणि फुलं फुलपाखरासारखी चपटी, ते फॅलेनॉप्सिस. उसासारख्या पेरांच्या काठ्या उभ्या असतील तर ते डेंड्रोबियम. त्याचे नियम वेगळे आहेत, हा लेख त्याला लावू नका.

## टप्पा १: झाड फुलण्याच्या अवस्थेत आहे का?

कामाला लागण्यापूर्वी तीन गोष्टी बघा.

पानं मोजा. निरोगी, पूर्ण वाढलेली किमान चार पानं हवीत. दोन-तीन लुळी पानं असलेल्या झाडाकडून या वर्षी फुलांची अपेक्षा ठेवू नका. त्याला एक वर्ष फक्त मुळं आणि पानं वाढवू द्या.

मुळं बघा. पारदर्शक कुंडीतून दिसणारी मुळं ओली असताना हिरवी आणि सुकल्यावर चंदेरी-करडी दिसली, तर ती जिवंत आहेत. तपकिरी आणि दाबल्यावर पिचकणारी असतील तर कुजली आहेत.

कीड शोधा. पानांच्या खालची बाजू, पानांच्या बेचक्या आणि दांड्याची पेरं नीट बघा. कापसासारखे पांढरे पुंजके म्हणजे पिठ्या ढेकूण, आणि नखानं खरवडून निघणारे तपकिरी ठिपके म्हणजे खवले कीड. कापसाची काडी सर्जिकल स्पिरिटमध्ये बुडवून एकेक पुसून काढा आणि दर आठवड्याला पुन्हा बघा, असं चार आठवडे. एकदा पुसून काम होत नाही, कारण अंडी मागे राहतात.

## टप्पा २: फुलं संपल्यावर दांड्याचं काय करायचं

दांडा वाळून पिवळा-तपकिरी झाला असेल तर बुडाशी, खोडापासून साधारण एक सेंटिमीटर सोडून कापा.

दांडा हिरवा असेल तर दोन वाटा आहेत. झाड दणकट असेल, म्हणजे पाच-सहा टणक पानं आणि भरपूर मुळं असतील, तर बुडाकडून दुसऱ्या किंवा तिसऱ्या पेराच्या दोन सेंटिमीटर वर कापा. त्या पेरातून दोन-तीन महिन्यांत बाजूची फांदी फुटू शकते. तिच्यावर फुलं कमी आणि लहान येतात. झाड जेमतेम असेल तर हा मोह सोडा आणि हिरवा दांडाही बुडाशी कापा. थकलेल्या झाडाकडून दुसरी फुलं ओढून घेतली की पुढचा हिवाळा हमखास कोरडा जातो.

खबरदारी: कापण्याआधी ब्लेड किंवा कात्री गॅसच्या ज्योतीवर लाल होईपर्यंत तापवून गार करा. एकापेक्षा जास्त ऑर्किडं असतील तर प्रत्येक झाडासाठी पुन्हा तापवा. ऑर्किडचे विषाणू मुख्यतः कापण्याच्या हत्यारावरून एका झाडावरून दुसऱ्यावर जातात आणि त्यांच्यावर औषध नाही.

## टप्पा ३: कुंडी बदलणं

सगळ्यात जास्त झाडं इथे बिघडतात, म्हणून हा टप्पा सावकाश वाचा.

दुकानातून आलेलं झाड बहुधा दाबून भरलेल्या शेवाळात, म्हणजे स्फॅग्नम मॉसमध्ये, मऊ प्लास्टिकच्या कपात असतं. तो कप तळाला भोक नसलेल्या चिनी मातीच्या शोभिवंत कुंडीत बसवलेला असतो. आपल्या पावसाळी हवेत हे शेवाळ सुकतच नाही. मुळं आतल्या आत कुजतात आणि वर पानं चार-सहा महिने ठीक दिसत राहतात. लक्षात येईपर्यंत उशीर झालेला असतो.

कधी: मार्च ते जुलै. मुळांची टोकं ताजी हिरवी किंवा लालसर, एखादा सेंटिमीटर बाहेर आलेली दिसली की तो उत्तम मुहूर्त. विदर्भ-मराठवाड्यात मे महिन्यातले लू चालण्याचे दिवस टाळा. सप्टेंबरनंतर कुंडी बदलू नका. नव्या जागी मुळं धरायच्या आतच दांड्याची वेळ येते आणि दोन्ही कामं अर्धवट राहतात. अपवाद एकच: मुळं कुजत असतील तर वाट बघायची नाही. फुलं असली तरी दांडा कापून पाण्याच्या बाटलीत ठेवा, तिथेही ती दोन आठवडे सहज टिकतात, आणि झाड वाचवा.

कशात: मातीत नाही. कोकोपीटमध्येही नाही. या झाडाची मुळं निसर्गात झाडांच्या सालीवर, उघड्या हवेत वाढतात. त्यांना पाण्याइतकीच हवा लागते. बारीक, चिकट माध्यमात ती आठवड्यांत गुदमरतात.

१२ सेंटिमीटरच्या कुंडीला साधारण पाऊण लिटर माध्यम लागतं.

- नारळाच्या सोडणाचे १ ते २ सेंटिमीटरचे तुकडे: ३ भाग
- लाकडी कोळसा, त्याच आकाराचा: १ भाग
- भाजक्या विटेचे तुकडे: १ भाग

कोकण, मुंबई आणि गोव्यात सोडण कमी करून कोळसा वाढवा: २ भाग सोडण, २ भाग कोळसा, १ भाग वीट. कोरड्या हवेच्या गावांत पहिल्याच मिश्रणात मूठभर शेवाळ मिसळा, म्हणजे ओल थोडी टिकते. कोळसा लाकडाचाच हवा, इस्त्रीवाल्याकडे मिळतो तसला. बार्बेक्यूसाठी दाबून केलेल्या वड्या नकोत, त्यांत बांधणीचे पदार्थ असतात.

पूर्वतयारी (दोन-तीन दिवस आधी): सोडणात क्षार असतात आणि ते मुळांची टोकं जाळतात. तुकडे बादलीत २४ तास भिजवा, पाणी फेका, नवं भरा. असं तीनदा. तिसऱ्या पाण्याचा रंग फिक्या चहासारखा झाला की पुरे. कोळसा धुऊन भुकटी काढा. विटेचे तुकडे तासभर भिजवा.

मग या क्रमानं:

1. झाड कुंडीसकट १५ मिनिटं पाण्यात ठेवा. कोरडी मुळं कडक असतात आणि वाकवली की मोडतात.
2. मऊ कप ओढू नका, कात्रीनं उभा कापून उघडा.
3. जुनं शेवाळ बोटांनी सोडवून काढा. मुळांच्या अगदी मधोमध, खोडाखाली, शेवाळाचा किंवा स्पंजासारखा एक घट्ट गोळा असतो. रोपवाटिकेत रोप लहान असतानाचा तो गोळा. बाहेरचं सगळं बदलून हा तसाच ठेवला, तर कूज तिथूनच वर चढते. चिमट्यानं थोडा थोडा काढा.
4. प्रत्येक मूळ दोन बोटांत दाबा. टणक असेल तर ठेवा, रंग तपकिरी असला तरी. पोकळ, ओलं आणि साल निघून आतला दोरा उरलेलं असेल तर निरोगी भागापर्यंत कापा.
5. कापलेल्या टोकांवरच चिमूटभर दालचिनीची पूड लावा. मुळांवर भुरभुरू नका. दालचिनी ओल शोषते आणि चांगली मुळंही वाळवते.
6. झाड सावलीत दोन-तीन तास उघडं ठेवा, म्हणजे जखमा सुकतील.
7. कुंडी निवडा. मुळांचा गुंता मावून भोवती दोन सेंटिमीटर जागा उरेल एवढीच. पारदर्शक आणि बाजूंना फटी असलेली मिळाली तर उत्तम. मोठी कुंडी घेतली तर मधला भाग ओला राहतो.
8. सगळ्यात खालच्या पानाचं बूड माध्यमाच्या पातळीला येईल असं झाड धरा आणि तुकडे सोडत जा, कुंडी हलकेच आपटत जा. खोड गाडू नका. हवेत निघालेली मुळं जबरदस्तीनं आत कोंबू नका, ती बाहेर असणंच बरं.
9. झाड डुगडुगत असेल तर बांबूच्या काडीला सुतळीनं सैल बांधा. हलत्या झाडाची नवी मुळं टोकाशी घासून बंद पडतात.

मुळं कापली असतील तर पहिलं पाणी तीन दिवसांनी घाला. कापली नसतील तर लगेच.

तपासणी: झाड पानांना धरून हलकं उचललं की कुंडी सोबत उचलली जायला हवी. झाड सुटून वर आलं तर भरणी सैल आहे.

शोभेची कुंडी टाकून देऊ नका. तिच्या तळाला दोन सेंटिमीटर खडे घाला आणि पारदर्शक कुंडी वर ठेवा. फक्त तळाशी साचलेलं पाणी प्रत्येक वेळी ओतून द्या. सोडणाचं माध्यम साधारण दोन वर्षं टिकतं. ते भुसभुशीत होऊ लागलं की पुन्हा हाच उद्योग.

## टप्पा ४: पाणी

वेळापत्रक मुळं ठरवतात. कुंडीतली बहुतेक मुळं चंदेरी झाली आणि कुंडी हाताला हलकी लागली की पाणी. मुळं हिरवी असतील तर थांबा. कुंडी पारदर्शक नसेल तर बांबूची काडी मधोमध खुपसून पाच मिनिटांनी काढा. ओली निघाली तर आज पाणी नाही.

सोडणाच्या माध्यमात हे अंतर अंदाजे असं पडतं: एप्रिल-मेमध्ये तीन-चार दिवस, पावसाळ्यात आठ-दहा दिवस, हिवाळ्यात सहा-सात दिवस. शेवाळ मिसळलेलं असेल तर आणखी जास्त.

पद्धत: सकाळी कुंडी बादलीत, पाणी काठाच्या खाली राहील अशी, दहा-पंधरा मिनिटं ठेवा. मग जाळीवर पूर्ण निथळू द्या. वरून कपभर पाणी ओतलं की ते तुकड्यांमधून सरळ खाली जातं आणि मुळं कोरडीच राहतात. रोज थोडं थोडं घालण्याची सवय तर त्याहून वाईट. त्यात वरचा भाग सुकतच नाही आणि खालचा भिजत नाही.

पाणी मृदू हवं. धरणाचं नळाचं पाणी बहुतेक शहरांत चालतं. बोअरवेल किंवा टँकरच्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचा आकडा, ३०० च्या वर असेल तर माध्यमावर पांढरा थर चढतो आणि मुळांची टोकं काळी पडतात. तिथे अर्धं आरओचं पाणी मिसळा, पावसाळ्यात पावसाचं धरा.

खबरदारी: पानांच्या मधला पोंगा कोरडा राहिला पाहिजे. तिथे रात्रभर पाणी साचलं की पावसाळी हवेत दोन-तीन दिवसांत पोंगा काळा पडून हातात येतो, आणि हे झाड नवा शेंडा सहसा काढत नाही. पाणी पडलंच तर टिश्यूच्या टोकानं टिपून घ्या. जून ते सप्टेंबर खोलीतला पंखा मंद सुरू ठेवा. ऑर्किडला थेट झोत नको, पण हवा हलती हवी. बाल्कनीत ठेवत असाल तर झाड थोडं तिरकं टांगा आणि गोगलगायी रात्री बघून उचला. त्यांना नव्या मुळांची टोकं फार आवडतात.

## टप्पा ५: प्रकाश

पानं टिकली पण फुलं नाहीत, याचं सर्वांत नेहमीचं कारण कमी उजेड. ‘इनडोअर’ म्हणून झाड टीव्हीशेजारी किंवा बैठकीच्या टेबलावर ठेवतात. तिथे डोळ्यांना उजेड पुरेसा वाटतो, पण झाड उपाशी असतं.

सावलीची परीक्षा घ्या. दुपारी बाराच्या सुमारास पानांच्या वर ३० सेंटिमीटरवर हात धरा. सावलीच्या कडा धूसर पण हाताचा आकार ओळखू येतो, एवढा उजेड बरोबर. कडा धारदार असतील तर उजेड जास्त, सावलीच दिसत नसेल तर फार कमी. मोबाइलमधल्या लक्स मोजणाऱ्या अ‍ॅपवर दिवसाचे बरेच तास १०,००० लक्सच्या आसपास आकडा दिसायला हवा.

पानांचा रंगही सांगतो. मध्यम, किंचित पोपटीकडे झुकणारा हिरवा रंग योग्य. गडद हिरवी, लांबट, लोंबणारी पानं म्हणजे उजेड कमी. पिवळट किंवा काठांना जांभळट लाली म्हणजे जास्त. पांढुरके कोरडे चट्टे उन्हानं भाजल्याचे असतात.

खिडकी कोणती? पूर्वेची सर्वांत सोयीची, सकाळी नऊपर्यंतचं ऊन चालतं. पश्चिमेला जाळीचा पडदा हवाच. दक्षिणेच्या खिडकीत नोव्हेंबर ते जानेवारी सूर्य कललेला असल्यानं ऊन खोलीत खोलवर येतं, तेव्हा पडदा लावा. उत्तरेची खिडकी अनेकजण बाद करतात, पण आपल्याकडे मुंबईच्या अक्षांशावर मे मध्यापासून जुलै अखेरपर्यंत दुपारचा सूर्य किंचित उत्तरेला असतो, त्यामुळे त्या काळात तिथेही बरा उजेड मिळतो. हिवाळ्यात मात्र ती कमी पडते. उघड्या बाल्कनीत ७५ टक्के सावलीची शेडनेट लावा.

खिडकीच नसेल तर २० वॅटच्या पांढऱ्या एलईडी पट्ट्या, दोन शेजारी शेजारी, पानांच्या २० ते २५ सेंटिमीटर वर, रोज १२ तास. रात्री बंदच ठेवा. फॅलेनॉप्सिस हवेतला कार्बन डायऑक्साइड मुख्यतः रात्री घेतं, काळोख त्याच्या कामाचा भाग आहे.

तपासणी: ऑक्टोबर अखेरीस या वर्षी आलेली किमान एक नवी पूर्ण पानाची जोडी दिसते का? आणि वरचं पान खालच्याएवढं किंवा मोठं आहे का? लहान होत गेलं असेल तर उजेड किंवा मुळं, दोहोंपैकी काहीतरी बिघडलं आहे. ते आधी शोधा.

## टप्पा ६: खत

थोडक्यात सांगायचं तर १९:१९:१९ (नत्र, स्फुरद म्हणजे फॉस्फरस, आणि पालाश सारख्या प्रमाणात) हे पाण्यात विरघळणारं खत, लिटरला अर्धा ग्रॅम. चहाचा पाव चमचा म्हणजे ढोबळमानानं एक ग्रॅम, म्हणून पाव चमचा दोन लिटरला. एप्रिल ते ऑक्टोबर दोन पाण्यांना खत आणि तिसरं साधं पाणी, म्हणजे क्षार धुऊन जातात. मुळं आधी साध्या पाण्यानं ओली करा, मग खताचं पाणी. नोव्हेंबरपासून प्रमाण निम्मं.

आरओचं किंवा पावसाचं पाणी वापरत असाल तर महिन्यातून एकदा कॅल्शियम नायट्रेट, लिटरला पाव-अर्धा ग्रॅम, वेगळ्या दिवशी द्या. १९:१९:१९ च्या द्रावणात ते मिसळलं की स्फुरद आणि कॅल्शियम एकत्र येऊन पांढरा गाळ बसतो, दोन्ही वाया.

००:५२:३४ सारखी भरपूर स्फुरदाची खतं ‘फुलांसाठी’ म्हणून सुचवली जातात. स्फुरद वाढवल्यानं फॅलेनॉप्सिसचा दांडा निघत नाही. वाढतात ते माध्यमातले क्षार. तांदूळ धुतलेलं पाणी, केळ्याची सालं, चहाचा चोथा, शेणपाणी हे सगळं मातीतल्या झाडांसाठी ठेवा. तुकड्यांच्या माध्यमात ते कुजतं आणि घरभर चिलटं होतात.

## टप्पा ७: गारवा

आता मुख्य काम. दिवसाचं तापमान सतत २८ अंशांच्या वर राहिलं तर फॅलेनॉप्सिस पानंच काढत राहतं. ते १७ ते २५ अंशांत चार ते सहा आठवडे राहिलं की दांडा सुटतो. दिवस लहान झाला की फुलतं, असं हे झाड नाही. त्याला संध्याकाळी सहाला खोक्यात झाकून ठेवण्याची गरज नाही.

इथे एक गैरसमज घट्ट बसला आहे: ‘दिवस-रात्रीच्या तापमानात दहा अंशांचा फरक द्या.’ फरक महत्त्वाचा नाही, दिवसाचा आकडा महत्त्वाचा आहे. दिवसा २९ अंश असताना रात्री १७ पर्यंत गार केलेली झाडंही प्रयोगांत दांडा काढत नाहीत. म्हणून रात्री बेडरूमच्या एसीत आणि दिवसा तापलेल्या खिडकीत, हा प्रकार बहुधा फुकट जातो.

साधा कमाल-किमान तापमान दाखवणारा थर्मामीटर घ्या आणि पानांच्या उंचीवर ठेवा. हवामानाचं अ‍ॅप बाहेरचा आकडा सांगतं, तुमच्या खिडकीतला नाही. काचेशेजारी दुपारी तो चार-पाच अंशांनी जास्त असू शकतो.

पुणे, नाशिक, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर: नोव्हेंबरच्या मध्यापासून थेट ऊन न येणाऱ्या, पण उजेड असलेल्या खोलीत आकडा आपोआप हवा तिथे येतो. झाड दुपारी तापणाऱ्या खिडकीतून काढून पूर्वेला आणा. बाल्कनीत असेल आणि रात्री पारा १३ च्या खाली जात असेल तर रात्री आत घ्या.

नागपूर आणि विदर्भ: डिसेंबर-जानेवारी उत्तम. पण हवा कोरडी होते, म्हणून कुंड्या एकत्र ठेवा आणि पाण्याचं अंतर एक-दोन दिवसांनी कमी करा. उन्हाळ्यात याच भागात डेझर्ट कूलरची खोली झाडाला मानवते, फक्त थेट झोतापासून लांब.

मुंबई, ठाणे, कोकण, गोवा: इथेच खरी अडचण. डिसेंबर-जानेवारीतही दुपारी बाहेर ३० च्या पुढे आकडा असतो. घरातली सर्वांत गार पण उजेडाची जागा शोधा. बहुधा ती सावलीतल्या पूर्व बाजूच्या आतल्या अंगाला असते. सकाळी अकराला पडदे ओढा, संध्याकाळी खिडक्या उघडा. तरीही थर्मामीटर २८ च्या खाली येत नसेल तर झाड दिवसा एसी चालू असलेल्या ठिकाणी न्या. ऑफिसातली खिडकीशेजारची जागा, जिथे दिवसभर २३-२४ अंश असतात, ती मुंबईतल्या ऑर्किडला घरापेक्षा बरी. घरून काम करत असाल तर त्याच खोलीत तुमच्या टेबलाशेजारी. एसीचा झोत पानांवर येणार नाही एवढं बघा.

परदेशात थंड प्रदेशात राहणाऱ्यांनी सप्टेंबर-ऑक्टोबर, हीटर सुरू होण्याआधीचा काळ साधावा.

या काळात पाणी बंद करून ‘ताण’ देऊ नका. मोसंबी-संत्र्याचा बहार धरायला बागेला ताण देतात, ते बरोबर आहे. तोच न्याय इथे लावला जातो. पण फॅलेनॉप्सिसला पाणी साठवणारा कंद किंवा जाड खोड नसतं. ताण दिला की पानं सुरकुततात आणि दांड्यासाठी ठेवलेला साठा झाड स्वतःला जगवायला वापरतं.

तपासणी: चार ते सहा आठवड्यांनंतर वरून दुसऱ्या-तिसऱ्या पानाच्या बेचक्यात बघा. नवं टोक चपटं, हातमोज्याच्या अंगठ्यासारखं आणि वर वळणारं असेल तर दांडा. गोल, चकचकीत, खाली वळणारं असेल तर मूळ. पहिल्या सेंटिमीटरला दोन्ही सारखी दिसतात, आठवडाभर थांबा, सोलून बघू नका.

## टप्पा ८: दांडा निघाल्यापासून फूल उघडेपर्यंत

दांडा दिसल्यापासून पहिलं फूल उघडायला साधारण तीन महिने लागतात. म्हणजे बहुतेक ठिकाणी मार्च-एप्रिल. बिघडायला एवढा अवधी पुरेसा असतो.

कुंडीवर उजेडाच्या बाजूला खडूनं खूण करा आणि आता कुंडी फिरवू नका. प्रत्येक वेळी उजेडाची दिशा बदलली की दांडा नागमोडी होतो आणि फुलं वेगवेगळ्या दिशांना तोंड करतात. पाणी देऊन परत ठेवताना खूण त्याच बाजूला.

दांडा १५ ते २० सेंटिमीटर झाला की शेजारी बांबूची काडी रोवा, मुळं चुकवून. केसांच्या लहान चापानं पेराच्या जरा खाली अडकवा. सरळ करायची घाई केली तर तो काकडीसारखा मोडतो. दर चार-पाच दिवसांनी थोडा थोडा वळवा. पहिली कळी दिसू लागलेलं टोक मोकळं सोडा, त्याला आपली कमान स्वतः घेऊ द्या.

या काळातही दिवसाचं तापमान २८ च्या खाली ठेवा. फार उष्ण झालं तर दांड्याच्या पेरातून कळीऐवजी पानं फुटतात, म्हणजे तिथे लहानसं पिल्लू तयार होतं. त्याला तीन पानं आणि पाच सेंटिमीटरची तीन-चार मुळं आली की वेगळं लावता येतं, पण फुलं त्या वर्षी गेली.

कळ्या पिवळ्या पडून गळत असतील तर या क्रमानं कारण शोधा:

1. मुळं सुकली होती का? कळीच्या काळात एक पाणी चुकलं तरी पुरतं.
2. झाड हलवलं का? कळ्या आल्यावर जागा बदलायची नाही.
3. जवळ पिकणारी फळं आहेत का? फळांतून इथिलीन वायू निघतो आणि कळ्या गळतात. आपल्याकडे ऑर्किड फुलण्याची आणि घरात आंब्याची पेटी येण्याची वेळ एकच असते. अढी वेगळ्या खोलीत घाला. धूप आणि उदबत्तीच्या धुरातही इथिलीन असतो, म्हणून देवघराशेजारी ठेवू नका.
4. एसी किंवा पंख्याचा थेट झोत?
5. कळ्यांवर रुपेरी ओरखडे? ते फुलकिडे. कडुलिंबाचं तेल ४ मिली आणि द्रवसाबण १ मिली, लिटरभर पाण्यात, संध्याकाळी पानांच्या खाली फवारा. उमललेल्या फुलांवर नको, डाग पडतात.

फुलं उघडल्यावर झाड हवं तर बैठकीत न्या. आता प्रकाश कमी चालतो. पाणी मात्र तसंच.

## दांडा आलाच नाही तर

फेब्रुवारी संपेपर्यंत काही दिसलं नाही तर थर्मामीटरची नोंद आधी बघा. दिवसाचा आकडा २८ च्या वर राहिला असेल तर कारण तेच. आकडा बरोबर असेल तर उजेड, आणि उजेडही बरोबर असेल तर मुळं. कुंडी उघडून बघितल्याशिवाय मुळांबद्दल अंदाज बांधू नका.

पुढच्या नोव्हेंबरपर्यंत थांबणं भागच आहे असंही नाही. दिवसाच्या लांबीशी संबंध नसल्यानं, झाड सशक्त असेल तर दिवसा एसी चालणाऱ्या उजेडाच्या खोलीत वर्षात केव्हाही चार-सहा आठवडे ठेवून दांडा काढता येतो. पुण्यात जुलै-ऑगस्टमध्ये दिवसाचं तापमान २७-२८ अंशांपर्यंत उतरतं आणि खोलीत त्याहून कमी असतं, त्यामुळे तिथे भर पावसाळ्यात अवेळी दांडा निघू शकतो. तो दिसला तर कापू नका. उजेड वाढवा, पोंगा कोरडा ठेवा, आणि त्या झाडाची कुंडी बदलायची राहिली असेल तर फुलं संपेपर्यंत तशीच राहू द्या.